धूर आणि स्वयंपाकघर

न्यायशास्त्राच्या अभ्यासास आरंभ करणाऱ्या विद्यार्थ्याला जो दाखला सर्वांत आधीं पाठ करावा लागतो, तो स्वयंपाकघरांतला आहे. समोरच्या डोंगरावर धूर दिसत आहे, त्या अर्थीं तेथें अग्नि असला पाहिजे, हें अनुमान कशाच्या बळावर करावयाचें? तर, धूर आणि अग्नि यांचें साहचर्य स्वयंपाकघरांत नित्य पाहिलेलें असतें, त्या अनुभवाच्या बळावर. सतराव्या शतकांत अन्नंभट्टानें लिहिलेल्या ‘तर्कसंग्रह’ या लहानशा ग्रंथांत हा दाखला आहे, आणि त्याच्या पूर्वींच्या पंडितांनींही तोच दिलेला आहे. याच शास्त्रानें आणखी एक गोष्ट बजावून सांगितली आहे. धूर असेल तेथें अग्नि असतोच. परंतु अग्नि असेल तेथें धूर असतोच असें मात्र नाहीं. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो, पण धूर नसतो. ही दुसरी गोष्ट स्वयंपाकघराला लावून पाहावी, अग्नि ठेवून धूर तेवढा घालवावा, असा विचार मात्र आपल्याकडे शेंकडों वर्षें फारसा कोणीं केलेला दिसत नाहीं. दाखला देणारा पंडित ओसरीवर बसत असे आणि चुलीपुढें बसणारी त्याची पत्नी आंत असे, हें त्याचें एक कारण असावें.

जुन्या मराठी घरांतील स्वयंपाकघर बहुधा मागच्या बाजूला, काळोखें आणि कमी खिडक्यांचें असे. चूल जमिनीवर, तिच्या शेजारीं वैल, हाताशीं फुंकणी. पावसाळ्यांत सरपण भिजलें म्हणजे फुंकून फुंकून जीव मेटाकुटीस येई. कौलांच्या फटींतून जाईल तेवढा धूर बाहेर जाई. उरलेला आढ्याला, भिंतींना आणि माणसांच्या छातींत बसे. धाब्याच्या घरांत छपराला एखादा झरोका ठेवीत, परंतु पाऊस आला कीं तोही झांकावा लागे. शिवाय धुराकडे शत्रु म्हणून पाहण्याची संवय नव्हती. धुरानें वासे टिकतात, कीड लागत नाहीं, डांस पळतात, बियाण्यासाठीं चुलीवर टांगलेलीं कणसें सुरक्षित राहतात, असा अनुभव होता, आणि तो सर्वस्वीं खोटाही नव्हता. डोळ्यांना येणारें पाणी आणि उतारवयांतला खोकला हा बाईच्या जन्माचाच एक भाग मानला जाई.

ही समजूत केवळ इकडचीच नव्हे. विल्यम हॅरिसन या इंग्रज धर्मोपदेशकानें १५७७ सालीं प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडच्या वर्णनांत नमूद केलें आहे कीं, त्याच्या गांवांतील म्हाताऱ्या माणसांना आपल्या हयातींत झालेले जे बदल मोठे वाटत, त्यांतला एक म्हणजे घरोघर उभीं राहिलेलीं धुराडीं. पूर्वीं धूर घरांतच कोंडत असे. त्यानें लांकूड बळकट होतें आणि घरधन्याची प्रकृति चांगली राहते, अशी तिकडेही श्रद्धा होती. सतराव्या शतकापर्यंत धुराडें इतकें सर्वत्र झालें होतें कीं, १६६२ पासून १६८९ पर्यंत इंग्लंडच्या सरकारनें घरांतील प्रत्येक आगटीवर वर्षाला दोन शिलिंग कर बसविला. आगट्या मोजण्यासाठीं सरकारी माणूस घरांत शिरतो, हें लोकांना मुळींच खपलें नाहीं, आणि शेवटीं तो कर रद्द करावा लागला.

धुराडें बांधलें म्हणजे काम संपलें असें मात्र नव्हतें. जुनीं धुराडीं एवढीं रुंद असत कीं, विस्तवाची बहुतेक उष्णता त्यांतून वर निघून जाई, आणि वाऱ्याची दिशा फिरली म्हणजे धूर परत खोलींत येई. या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध विचार करणारा एक मोठा पुरुष म्हणजे बेंजामिन थॉम्पसन ऊर्फ काउंट रम्फर्ड. याचा जन्म १७५३ सालीं अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स प्रांतांत झाला. पुढें तो बव्हेरियाच्या इलेक्टरच्या नोकरींत शिरला, आणि म्यूनिक येथें गोरगरिबांना अन्न पुरविण्याचें काम त्याच्याकडे आलें. हजारों माणसांचें अन्न रोज शिजवावयाचें, तेव्हां लांकूड किती जळतें आणि त्यांतलें किती फुकट जातें, हें त्याच्या लक्षांत आलें. उघड्या विस्तवावर भांडें धरण्याऐवजीं त्यानें विटांचा ओटा बांधून भांडें त्यांत खोल बसविलें, प्रत्येक भांड्याखालीं वेगळी लहान आग ठेविली, आणि हवेचा ओघ कमीजास्त करण्यासाठीं झडप बसविली. १७९६ सालीं त्यानें धुराड्यांवर निबंध प्रसिद्ध केला. धुराड्याचा गळा अरुंद करावा, म्हणजे गरम हवा वेगानें वर जाते आणि धूर मागें फिरत नाहीं, हें त्याचें मुख्य प्रतिपादन होतें. त्यापुढें धुराविरुद्ध झालेल्या बहुतेक प्रयत्नांचें बीज याच विचारांत आहे.

येथें धूर म्हणजे काय हें थोडक्यांत समजून घेतलें पाहिजे. लांकूड तापलें म्हणजे प्रथम त्यांतलें पाणी निघून जातें आणि मग त्यांतून ज्वलनशील वायु बाहेर पडतात. ज्योत म्हणून दिसते ती या वायूंचीच. त्यांना पुरेशी हवा आणि पुरेशी उष्णता मिळाली, तर ते पूर्णपणें जळून जातात. ती मिळाली नाहीं, तर अर्धवट जळलेला अंश सूक्ष्म कण आणि वायु यांच्या रूपानें बाहेर पडतो, तोच धूर. त्यांतले पुष्कळसे कण केंसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्शाहूनही बारीक असल्यामुळें नाकांत अडकत नाहींत. ते थेट फुप्फुसांच्या तळापर्यंत पोंचतात. लांकूड ओलें असलें, किंवा लांकडाच्या जागीं शेणाची गोवरी असली, तर धूर अधिक होतो. याचा अर्थ असा कीं, ज्या घरांत सुकें लांकूड विकत घेण्याची ऐपत नाहीं, त्याच घरांत धूर सर्वांत जास्त.

पाश्चात्य देशांनीं धूर घरांतून बाहेर काढला खरा, परंतु त्याची किंमत दुसऱ्यांनीं मोजली. लंडनची धुराडीं साफ करण्यासाठीं चार-पांच वर्षांचीं गरीब मुलें आंत चढवीत. पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्यानें १७७५ सालीं दाखवून दिलें कीं, धुराडीं साफ करणाऱ्या या लोकांना मोठेपणीं काजळीमुळें एक विशिष्ट कर्करोग होतो. धंद्यामुळें कर्करोग होतो, असें वैद्यकांत स्पष्टपणें सांगितलें गेलें तें येथें. कायदे १७८८, १८३४ आणि १८४० या सालीं झाले, परंतु ते कागदावरच राहिले. मुलांना धुराड्यांत चढविणें खऱ्या अर्थानें बंद झालें तें १८७५ च्या कायद्यानें. घराघरांतून बाहेर पडलेला धूर शहरावर सांचत होता तो वेगळाच. जॉन इव्हलिन यानें लंडनच्या धुराविरुद्ध पुस्तिका लिहिली ती १६६१ सालीं. आणि त्यानंतर जवळजवळ तीनशें वर्षांनीं, डिसेंबर १९५२ मध्यें, पांच दिवस वारा पडला असतां कोळशाच्या त्याच धुरानें लंडनमध्यें सुमारें चार हजार माणसें दगावल्याचा हिशेब त्या वेळीं झाला. पुढील अभ्यासकांनीं तो आंकडा बारा हजारांपर्यंत नेला. १९५६ सालीं तेथें स्वच्छ हवेचा कायदा झाला.

हिंदुस्थानांत या प्रश्नाला वेगळें वळण लागलें. येथील कोट्यवधि घरांतून धूर बाहेर गेलाच नव्हता. महात्मा गांधींच्या प्रेरणेनें १९३४ सालीं अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा हे त्याचे सूत्रधार होते, आणि संघाचें ठाणें वर्ध्यास मगनवाडी येथें होतें. गांधींचे निकटचे सहकारी मगनलाल गांधी १९२८ सालीं वारले, त्यांचें नांव त्या वाडीला दिलेलें होतें. घाणी, हातकागद, गूळ यांबरोबरच खेड्यांतील चुलीचा विचार तेथें सुरू झाला आणि १९४७ च्या सुमारास ‘मगन चूल’ तयार झाली. ती मातीची, बंद तोंडाची, एकाहून अधिक भांडीं मावतील अशी आणि धूर बाहेर नेणाऱ्या धुराड्याची होती. गांवच्या मातीनें आणि गांवच्या हातांनीं ती बांधतां यावी, हा तिच्यामागचा मुख्य हेतु.

त्याच काळांत हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधनशाळेंत एस. पी. राजू हे संशोधक याच प्रश्नावर काम करीत होते. पूल आणि धरणें यांचा विचार करणाऱ्या संस्थेंतल्या अभियंत्यानें मातीच्या चुलीकडे वळावें, हीच मोठी गोष्ट होती. त्यांचें ‘स्मोकलेस किचन्स फॉर द मिलियन्स’ हें पुस्तक १९५३ सालीं प्रसिद्ध झालें. कोट्यवधि लोकांचीं स्वयंपाकघरें धुराविना असूं शकतात, हें त्याचें नांवच सांगतें. बंद चुलीच्या पोटांतून गरम हवा एका भांड्याखालून दुसऱ्या भांड्याखालीं जावी आणि शेवटीं धुराड्यावाटे छपरावर निघावी, हें तिचें तत्त्व. २ ऑक्टोबर १९५२ रोजीं देशांत सामूहिक विकास योजना सुरू झाली, आणि ग्रामसेविकांच्या हातून अशा चुली अनेक गांवीं पोंचल्या.

पोंचल्या खऱ्या, परंतु पुष्कळ ठिकाणीं टिकल्या नाहींत. त्याचीं कारणें स्वयंपाक करणाऱ्या बाईला विचारलीं असतीं, तर तिनें एका दिवसांत सांगितलीं असतीं. भाकरी तव्यावर अर्धी भाजली म्हणजे ती चुलीच्या तोंडाशीं निखाऱ्यांना टेकवून उभी करतात, तेव्हां ती फुगते. तोंड बंद केलें तर भाकरी कोठें शेकावयाची? चुलीचीं भोंकें ठरलेल्या मापाचीं. घरांतलीं भांडीं मात्र लहानमोठीं. भांडें भोंकावर नीट बसलें नाहीं, कीं सर्व धूर पुन्हां खोलींतच. लांब ओंडका हळूहळू आंत सारावयाची संवय; नव्या चुलीला लांकूड फोडून बारीक करावें लागे, आणि तें कामही पुन्हां बाईच्याच वांट्याला येई. धुराड्यांत काजळी सांचते, ती वेळच्या वेळीं काढली नाहीं तर ओढ नाहींशी होते. आणि गवती छपरांतून धुराडें नेलें तर ठिणगीची भीति. उलट बाजूनें, धुराड्याची ओढ फार झाली तर धुराबरोबर उष्णताही निघून जाते आणि सरपण अधिक लागतें. रम्फर्डनें दीडशें वर्षांपूर्वीं ओळखलेली ही अडचण येथें पुन्हां उभी राहिली. चूल ही नुसती वस्तु नसून ती घराच्या सर्व संवयींच्या मध्यभागीं बसलेली असते, हा तिचा धडा.

दरम्यान, धुरानें माणसाचें काय होतें याचा पुरावा वेगळ्याच दिशेनें आला. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयांत काम करणाऱ्या डॉ. शिवरामकृष्ण पद्मावती या भारतांतील पहिल्या स्त्री हृदयरोगतज्ज्ञ. फुप्फुसें दीर्घकाळ बिघडलीं म्हणजे हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण पडून तें निकामी होत जातें, अशा रोग्यांचा त्यांनीं अभ्यास केला आणि आपल्या सहकाऱ्यासह १९५९ सालीं तो प्रसिद्ध केला. पाश्चात्य देशांत हा रोग मुख्यतः विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा मानला जाई. दिल्लींत मात्र त्यांत स्त्रियांची संख्या पुष्कळ होती, आणि त्या स्त्रियांनीं तंबाखू क्वचितच ओढलेली होती. मग त्यांच्या छातींत धूर आला कोठून? बोट चुलीकडे वळलें. जी गोष्ट घराघरांत नशिबाचा भाग म्हणून सोसली जात होती, तिला आतां वैद्यकाच्या नोंदवहींत रोग म्हणून स्थान मिळालें. डॉ. पद्मावती १०३ वर्षांचें आयुष्य जगून २०२० सालीं निवर्तल्या.

इतकें होऊनही सरकारें हललीं तीं धुरामुळें नव्हे, तर लांकडाच्या टंचाईमुळें. १९७३ सालीं जगांत खनिज तेलाचे भाव भडकले. त्यानंतर दोन वर्षांनीं एरिक एकहोम या अमेरिकन लेखकानें, गरीब देशांतलें खरें इंधनसंकट तेलाचें नसून सरपणाचें आहे, असें दाखवून दिलें. झाडें वांचवावयाचीं तर चूल सुधारली पाहिजे, हा विचार त्यामुळें जोरांत आला. छाती आणि डोळे यांचा प्रश्न पुन्हां पुढें आणला तो कर्क स्मिथ या अमेरिकन संशोधकानें. आर. एम. दवे आणि ए. एल. अग्रवाल या भारतीय सहकाऱ्यांसह त्यांनीं गुजराथेंतील खेड्यांत जाऊन, स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या अंगावरच हवा ओढून घेणारें लहान यंत्र लावलें. हवेची तपासणी तोंपर्यंत शहरांतील चौकांत आणि कारखान्यांजवळ होत असे. बाईच्या नाकापाशीं ती कोणीं केलेली नव्हती. १९८३ सालीं प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासांत दिसून आलें कीं, चुलीपुढची हवा मोठ्यांत मोठ्या शहराच्या रस्त्यावरील हवेपेक्षां कितीतरी पटींनीं वाईट असते.

त्याच १९८३ सालीं भारत सरकारनें सुधारलेल्या चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हातीं घेतला. तो २००२ पर्यंत चालला आणि तेवढ्या काळांत तीन कोटींहून अधिक चुली बसविल्याची नोंद झाली. परंतु चूल बसविली कीं अनुदान मिळे, आणि ती वर्षानंतर पेटते कीं नाहीं हें पाहण्याची जबाबदारी कोणावरच नसे. त्याच सुमारास चीननें असाच कार्यक्रम आंखला आणि दहा कोटींहून अधिक चुली बसविल्या. तेथें चुलीचे मुख्य भाग कारखान्यांत तयार होत, दुरुस्ती करणारे कारागीर जिल्ह्यांतच असत, आणि खर्चाचा मोठा वांटा कुटुंबच उचली. पैसे मोजलेल्या वस्तूची काळजी माणूस घेतो, हा जुनाच न्याय तेथें उपयोगी पडला.

धुराडें खरोखरच जीव वांचवितें काय, याचें एक उत्तर चीनच्याच युनान प्रांतांत मिळालें. शुआनवेई या भागांत स्त्रिया धूम्रपान करीत नसूनही त्यांच्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचें प्रमाण देशांत सर्वांत अधिक होतें. तेथें धुरकट कोळसा घरांत उघड्या खड्ड्यांत जाळीत. १९७० नंतरच्या वर्षांत पुष्कळ कुटुंबांनीं धुराड्याच्या चुली घेतल्या. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसलें कीं, अशा घरांत हा कर्करोग जवळजवळ निम्म्यानें कमी झाला; मात्र तो कमी होण्यास दहा वर्षें लागलीं. ग्वाटेमालांतील प्रयोगाचें उत्तर इतकें सरळ नाहीं. तेथें धुराड्याच्या चुलीनें मुलांच्या श्वासांत जाणारा विषारी वायु सुमारें निम्मा झाला; परंतु न्युमोनियाचें एकंदर प्रमाण निश्चितपणें कमी झाल्याचें सिद्ध झालें नाहीं, तीव्र न्युमोनिया तेवढा सुमारें एक तृतीयांशानें घटला. अर्धा धूर काढल्यानें अर्धा रोग जात नाहीं, असा त्याचा अर्थ. आणि ओडिशांत चार वर्षें चाललेल्या पाहणीचें तात्पर्य असें, कीं नव्या चुलींनीं पहिल्या वर्षीं धूर कमी झाला. पुढें डागडुजी झाली नाहीं, वापर घटला, आणि शेवटीं फरक उरला नाहीं.

शहरांतील सुशिक्षित घरांनीं हा प्रश्न चूल सुधारून सोडविला नाहीं. त्यांनीं चूलच सोडली. प्रथम कोळशाची शेगडी आली. मुंबईच्या चाळींतून शेगडी गॅलरींत पेटवीत आणि धूर संपून निखारे लाल झाले म्हणजे आंत आणीत. धूर गेला, धोका गेला, अशी समजूत होती. परंतु निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायु निघतो, त्याला रंगही नसतो आणि वासही नसतो. क्लॉड बर्नार्ड या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखविलें कीं, हा वायु रक्तांतील प्राणवायूची जागा बळकावतो. रक्ताला त्याची ओढ प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट असते. थंडींत दारें-खिडक्या लावून शेगडीपाशीं निजलेलीं माणसें सकाळीं उठलींच नाहींत, याचें कारण तेंच.

शेगडीमागून रॉकेलचा स्टोव्ह आला. स्वीडनमधील लिंडक्विस्ट यानें १८९२ च्या सुमारास काढलेला प्राइमस स्टोव्ह लौकरच इकडच्या मध्यमवर्गीय घरांत शिरला. पंप मारणें आणि पिन घालणें या क्रिया नव्या गृहिणीच्या शिक्षणाचा भाग झाल्या. धूर कमी झाला, पण भडक्याचें भय वाढलें. स्टोव्हच्या भडक्यानें सून भाजल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांतून वर्षानुवर्षें येत राहिल्या, आणि ते सर्वच अपघात नव्हते. कायद्याला त्याची दखल घ्यावी लागली. सासरच्या छळाविरुद्धचें कलम १९८३ सालीं आणि हुंडाबळीचें कलम १९८६ सालीं दंडविधानांत घातलें गेलें. स्वयंपाकघरांतील धोका नेहमींच इंधनांतला नसतो, हें येथें विसरून चालणार नाहीं.

पुढें सिलिंडरमधला गॅस आला. तो १९५५ सालीं मुंबईंत मिळूं लागला, आणि इंडियन ऑइल कंपनीची पहिली जोडणी २२ ऑक्टोबर १९६५ रोजीं कलकत्त्यास दिली गेली. या वायूला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. जो उग्र वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो. १८ मार्च १९३७ रोजीं अमेरिकेंत टेक्सास प्रांतांतील न्यू लंडन गांवच्या शाळेंत गळलेल्या बिनवासाच्या नैसर्गिक वायूचा स्फोट होऊन जवळजवळ तीनशें माणसें, बहुतेक मुलेंच, मेलीं. त्यानंतर अशा वायूंत दुर्गंधि द्रव्य घालणें सक्तीचें होत गेलें. स्वयंपाकघरांत आज नकोसा वाटणारा तो वास त्या मुलांच्या मरणानें मिळालेला इशारा आहे.

गॅस खेड्यांतील गरिबांच्या घरीं पोंचविण्याची उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजीं उत्तर प्रदेशांतील बलिया येथें सुरू झाली, आणि सप्टेंबर २०१९ मध्यें तिची आठ कोटीवी जोडणी औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपति संभाजीनगर, येथें दिली गेली. हें काम लहान नव्हे. परंतु त्याच वर्षीं महालेखापरीक्षकांच्या अहवालानें दाखविलें कीं, या कुटुंबांचा सिलिंडर वर्षाला सरासरी ३.२१ वेळांच भरला जात होता. एवढ्यावर वर्षभराचा स्वयंपाक होत नाहीं. उरलेला अर्थातच चुलीवर होतो. सिलिंडर घरांत आहे आणि चूलही पेटलेली आहे, अशी कोट्यवधि घरें त्यामुळें निर्माण झालीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानें २०२० या एका वर्षांत घरांतील धुरामुळें जगांत ३२ लाख माणसें मरण पावलीं.

हा सर्व इतिहास शहरांतील स्वच्छ ओट्यापाशीं उभें राहून ऐकतांना तो दुसऱ्याचा आहे असें वाटण्याचा संभव आहे. परंतु तसें नाहीं. धूर दिसत नाहीं म्हणून धोका नाहीं, हें अनुमान सदोष आहे. गॅसच्या ज्योतींतून नायट्रोजन डायऑक्साइड हा दाहक वायु निघतो, आणि गॅसवर स्वयंपाक होणाऱ्या घरांतील मुलांत श्वसनाच्या तक्रारी विजेच्या चुलीच्या घरांपेक्षां अधिक आढळल्याचें ब्रिटनमधील एका अभ्यासानें १९७७ सालीं दाखविलें. कडकडीत तापलेल्या तेलांत तळतांना निघणाऱ्या वाफा बहुधा कर्करोगकारक आहेत, असें कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेच्या तज्ज्ञांनीं २००६ सालीं ठरविलें. म्हणून तेल धूर येईपर्यंत तापवूं नये. फोडणी देतांना खिडकी उघडी असावी, आणि हवा बाहेर टाकणारा पंखा शोभेसाठीं न ठेवतां चालू ठेवावा. स्वयंपाक संपल्यावरही तो थोडा वेळ फिरूं द्यावा. ज्योत निळी असावी. ती पिवळी झाली तर बर्नर साफ करावा. सिलिंडरमधला गॅस हवेहून जड असल्यामुळें तो जमिनीलगत सांचतो; म्हणून वास येतांच विजेचें बटण न दाबतां, आधीं रेग्युलेटर बंद करावा आणि दारें-खिडक्या उघडाव्या. रबरी नळीची मुदत पाहून ती बदलावी. साडीचा पदर खोंचून घ्यावा. यांतलें कांहींच महाग नाहीं.

शेवटीं एक गोष्ट श्रोत्यांनीं लक्षांत घ्यावी. मगन चुलीपासून उज्ज्वलेपर्यंत जे प्रयत्न झाले, ते जेथें फसले तेथें बहुतेक वेळां एकाच कारणानें फसले: चूल कोणाची आहे तिला विचारलें गेलें नाहीं, आणि दिलेली वस्तु चालते कीं नाहीं हें पाहण्यास कोणी परत गेलें नाहीं. शहरांतील अनेक घरांत धुणेंभांडीं करण्यास जी बाई येते, तिच्या घरीं सिलिंडर आहे कीं नाहीं, आणि असल्यास तो शेवटचा कधीं भरला, एवढें विचारण्यास योजना लागत नाहीं. कोणी विचारील, तर त्याला त्या घरांतील खोकल्याचें कारणही कळेल. अग्नि आहे पण धूर नाहीं, हा दाखला तर्कशास्त्रानें लोखंडाच्या गोळ्यांत शोधला. तो प्रत्येक स्वयंपाकघरांत सांपडेल, तेव्हांच हें काम पुरें झालें असें म्हणतां येईल.